‘आज नाटक खंय?’ : दशावताराच्या चाहत्यांच्या रोजच्या गप्पा इतक्या महत्त्वाच्या का?

दुपारचे चार वाजले की मालवणच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर आणि अर्थातच व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरू लागतो. ‘आज नाटक खंय?’

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण सिंधुदुर्गात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जवळपास रोज विचारला जाणारा हा प्रश्न आहे. उत्तरही ठरलेल्या क्रमाने येतं. गाव, देऊळ, कंपनी, वेळ. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. राजा कोण? स्त्रीपार्टी कोण करतोय? पेटीवर कोण बसणार? आख्यान कुठलं? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत विचारला जाणारा शेवटचा प्रश्न, ‘काल नाटक कसा झाला?’

या गप्पा म्हणजे निव्वळ टाइमपास आहे का? दशावताराच्या बाबतीत याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा लिहून ठेवलेल्या संवादांशिवाय चालणारा नाट्यप्रकार आहे. काल रात्री देवळासमोर जे बोललं गेलं, ते आज कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते उरतं कलाकाराच्या डोक्यात आणि प्रेक्षकांच्या बोलण्यात. म्हणून इथे चाहत्यांच्या गप्पा एकाच वेळी जाहिरात, परीक्षण आणि नोंदवही अशी तीन कामं करतात. कशी, ते समजून घेऊ.

नाटक म्हणजे नेमकं कुठलं?

सिंधुदुर्गातल्या गावात कुणी नुसतं ‘नाटक’ म्हटलं, तर बहुतेक वेळा ते दशावतारी नाटक असतं. जुनी माणसं त्याला ‘धयकालो’ म्हणतात. धयकालो म्हणजे दहीकाला. जत्रेच्या रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं आणि शेवटी दहीहंडी फोडून काला होतो, त्यावरून हे नाव पडलं.

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, देवगड, कणकवली, वैभववाडी, दोडामार्ग अशा आठ तालुक्यांचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. दशावताराचं राज्य त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे आणि ते जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द मानत नाही. गोव्यात पेडण्याच्या बाजूलाही या कंपन्यांची नाटकं होतात आणि मुंबईतल्या मालवणी जत्रोत्सवांतही होतात.

नाटकाचे दोन भाग असतात. पहिल्या भागाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव अशी पात्रं येतात. वेद पळवणारा, काळ्या वेशातला संकासुर येतो आणि मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. दुसरा भाग म्हणजे आख्यान. त्यात रामायण, महाभारत किंवा पुराणांमधली एखादी कथा सादर होते. इथले राजे, देव आणि राक्षस प्रमाण मराठीत, तेही भारदस्त मराठीत बोलतात.

हे संगीत नाटकच आहे. रंगमंचाच्या एका बाजूला पेटी, पखवाज आणि झांज घेऊन साथीदार बसतात. पात्र गातच प्रवेश करतं. संवाद तापला की पद येतं, युद्धाला पखवाज जोर देतो. समोर सजावट म्हणून फारसं काही नसतं. मागे पडदा आणि मध्ये एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ आणि तोच डोंगर.

‘खंय?’ हा पहिला प्रश्न का?

शहरातल्या नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रात येते, तिकीट ॲपवर मिळतं. दशावताराचं वेळापत्रक मात्र पंचांगावर चालतं. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की रात्री नाटक आलंच. बहुतेक जत्रा तिथीवर ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असते. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला तर ठरलेली तिथीही नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग ती जाहीर होते.

त्यात भर म्हणून नवसाची नाटकं, वाढदिवसाची नाटकं, गावातल्या मंडळाची नाटकं. एकाच रात्री जिल्ह्यात वेगवेगळ्या गावांत अनेक कंपन्या उभ्या असतात. जत्रेचं नाटक पालखी देवळाभोवती फिरून झाल्यावर, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतं. मालवणहून दोडामार्गाकडे जायचं की जवळच्याच वाडीत बसायचं, हे दुपारीच ठरवावं लागतं. उद्या सकाळी कामावर जायचं असतं, मोटारसायकलमध्ये पेट्रोल किती आहे ते बघायचं असतं, सोबत कोण येणार तेही बघायचं असतं.

पूर्वी ही माहिती बाजारात, तिठ्यावर आणि देवळात तोंडी फिरायची. आता आठवड्याचं वेळापत्रक फोटोच्या रूपात फोनवर येतं. माध्यम बदललं तरी काम तेच राहिलं. ज्या नाटकाची जाहिरात करायला कुणाकडे मोठे पैसे नाहीत, त्याची जाहिरात चाहतेच करतात.

‘राजा कोण?’ आणि ‘पेटीवर कोण?’

गाव कळलं की दुसरा प्रश्न कलाकारांचा. दशावतारात प्रत्येक कलाकाराची साधारण ओळख ठरलेली असते. कुणी राजाची भूमिका करतो, कुणी खलनायकाची, कुणी नारदाची, कुणी विनोदी. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात आणि त्यातल्या नावाजलेल्या कलाकारांचा चाहतावर्ग राजाच्या चाहत्यांइतकाच कट्टर असतो.

कंपन्यांच्या नावांतच बहुतेक वेळा गाव किंवा घराणं असतं. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर ही नावं इथे पिढ्यान् पिढ्या ऐकली जातात. नेरूरच्या कलेश्वर दशावतार नाट्यमंडळाचं नाव घेतलं की लोकांना आधी बाबी कलिंगण आणि मग ‘लोकराजा’ म्हणून ओळखले जाणारे त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण आठवतात. सुधीर कलिंगण यांचं २०२२ मध्ये निधन झालं. पण राजाच्या भूमिकेबद्दलच्या गप्पांत त्यांचं नाव आजही निघतं.

जाणकार चाहता मात्र राजाच्या आधी पेटीवाल्याची चौकशी करतो. त्याचं कारण साधं आहे. कलाकार कुठलं पद घेणार, कुठे थांबणार, संवाद किती लांबवणार, हे आधी लिहिलेलं नसतं. पेटीवाल्याला ते त्याच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखावं लागतं. पखवाजवाल्याला पायांकडे बघून हात चालवावा लागतो. साथ चुकली तर चांगला राजाही पडतो आणि साथ जमली तर साधा प्रवेशही उचलला जातो. त्यामुळे ‘पेटीवर कोण?’ हा प्रश्न विचारणारा माणूस दर्दी आहे, हे समोरच्याला लगेच कळतं.

असा प्रश्न जगभर विचारला जातो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकांचे चाहते ‘आज मुख्य भूमिका कोण करतंय?’ याची चौकशी करतात, कारण मुख्य नट आजारी पडला तर पर्यायी नट उभा राहतो. तशी सूचना देणारी चिठ्ठी तिथल्या छापील पुस्तिकेत घातली जाते. पण तिथे नट बदलला तरी शब्द आणि चाल तीच राहते. दशावतारात नट बदलला की शब्दही बदलतात. म्हणूनच इथे ‘कोण?’ या प्रश्नाचं वजन जास्त.

संहिता नाही, मग नाटक उभं कसं राहतं?

नाटकाआधी रंगपटात, म्हणजे कलाकार स्वतःची रंगभूषा स्वतः करत असतात तिथे, आजचं आख्यान ठरतं. कुणी काय करायचं ते सांगितलं जातं. कथेचा ढाचा आणि प्रवेशांचा क्रम यांची थोडक्यात उजळणी होते. तालमी नसतात. त्यानंतर जो तो आपल्या पात्राच्या जोरावर रंगमंचावर जातो आणि समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य रचतो.

याचा अर्थ मनाला येईल ते बोलणं असा नाही. कलाकाराला कथा, तिचे संदर्भ आणि पात्राची बाजू माहीत असावी लागते. कर्ण आणि कृष्ण समोरासमोर आले तर दोघांनाही आपापला मुद्दा मांडता आला पाहिजे, समोरच्याचा खोडता आला पाहिजे आणि तरी कथेला ठरल्या वळणावर आणून सोडलं पाहिजे. गाठीशी वाचन नसेल तर कलाकार दोन वाक्यांत उघडा पडतो. समोर बसलेल्या आजीलाही ती कथा पाठ असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राज्यातल्या अनेकांची या जगाशी पहिली ओळख गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकातून झाली. १९८० मध्ये आलेल्या या नाटकाने मच्छिंद्र कांबळी यांना आणि मालवणी बोलीला घराघरात पोहोचवलं. पण ‘वस्त्रहरण’ हे लिहिलेलं नाटक आहे. कोकणातल्या गावकऱ्यांची नाटक करताना उडणारी तारांबळ हा त्याचा विषय. तर १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकर दशावतारी कलाकाराच्या भूमिकेत दिसले. या दोन्हींमुळे नाव सगळीकडे पोहोचलं. प्रत्यक्ष दशावतार मात्र दर रात्री नव्याने घडतो आणि सकाळी संपतो.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर या नाटकाला ‘बॅकअप’ नाही. कालची जुगलबंदी परत चालवता येत नाही. ती ज्यांनी ऐकली, त्यांच्याकडेच तिची प्रत असते. म्हणून सकाळच्या गप्पांत अमुक प्रसंगी तमुक काय म्हणाला हे शब्दाला शब्द सांगण्याची धडपड चालते. कुणी चुकलं तर दुसरा लगेच दुरुस्त करतो. या धडपडीतून नाटकाचा चांगला भाग टिकतो आणि पुढच्या पिढीच्या कलाकाराच्या कानावर पडतो.

चाहत्यांमध्ये वाद कशावरून होतात?

वादाचे विषय बऱ्यापैकी ठरलेले आहेत.

पहिला वाद पौराणिक की काल्पनिक? अलीकडे पुराणात नसलेली, नव्याने रचलेली कथानकंही सादर होतात. राज्यांची नावं, राजांची नावं, शाप, उःशाप सगळं नवं. एका गटाला यात ताजेपणा वाटतो, कारण पुढे काय होणार हे माहीत नसतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की, ठरलेली कथा माहीत असल्यामुळेच संवादातली हुशारी कळते. कथा नवी असली की प्रेक्षक गोष्टीच्या मागे धावतो आणि संवाद दुय्यम होतो.

दुसरा वाद ट्रिकसीनचा. धूर, दिवे, अचानक प्रकट होणारा देव, मोठा नाग यांसारख्या करामतींना इथे ‘ट्रिकसीन’ म्हणतात. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द ठळक छापला जातो. लहान मुलं आणि नवे प्रेक्षक त्यासाठी येतात. जुने प्रेक्षक म्हणतात, एका बाकड्यावर समुद्र दाखवणारा नट आम्ही पाहिला, आम्हाला यंत्र नको.

तिसरा वाद ‘संयुक्त’ दशावताराचा. वेगवेगळ्या कंपन्यांमधले नामवंत कलाकार एका रात्रीसाठी एकत्र येतात, त्याला संयुक्त दशावतार म्हणतात. क्रिकेटच्या भाषेत ऑल स्टार सामना. गर्दी प्रचंड होते, जुगलबंदी रंगते. पण रोज एकत्र काम करणाऱ्या कंपनीत जी समज असते ती इथे कधी जमते, कधी नाही. शिवाय नामवंत बाहेर गेले की त्या रात्री मूळ कंपनी लंगडी होते, हाही मुद्दा निघतो.

चौथा वाद वेळेचा. पहाटेपर्यंतचं नाटक हवं की तीन-चार तासांत आटोपणारं? शाळा, नोकरी, ध्वनिक्षेपकाची वेळमर्यादा आणि मोठ्यांची झोप अशी अनेक कारणं यामागे आहेत.

हे वाद कधी टोकालाही जातात. आपल्या आवडत्या कलाकारासाठी दुसऱ्याला खाली पाडणारी भाषा वापरली जाते. छोट्या जिल्ह्यात हे जास्त लागतं, कारण ज्याच्याबद्दल लिहिलं तो कलाकार उद्या तुमच्याच गावात नाटक करणार असतो आणि रंगपटात बसून त्याने ते वाचलेलं असतं.

गप्पांचा पैशाशी काय संबंध?

जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं. प्रेक्षक फुकट बघतो. नाटकाचे पैसे देवस्थान, गाव, मंडळ किंवा नवस बोललेली व्यक्ती देते. काही देवळांत अमुक कंपनीचंच नाटक व्हायचं, असा पिढ्यान् पिढ्यांचा मान ठरलेला असतो. बाकी नाटकांसाठी कंपनी निवडली जाते आणि इथे गप्पांचा परिणाम दिसतो.

नाटक ठरवणारी माणसंही शेवटी याच गप्पांमधली असतात. कुठल्या कंपनीचं काम सध्या जोरात आहे, कोणता नवा मुलगा स्त्रीभूमिका चांगली करतो, कुठे साथ कमकुवत आहे, हे त्यांना चाहत्यांकडूनच कळतं. तिकीटविक्रीचा आकडा नसलेल्या या धंद्यात चाहत्यांचं बोलणं हाच आकडा. चांगलं बोललं गेलं तर पुढच्या नाटकाची बोलणी होतात. नाटकं वाढली तर पेटीवाल्यापासून सामान उचलणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं घर चालतं.

किनाऱ्याने खाली कर्नाटकात गेलं तर यक्षगानातही असंच चित्र दिसतं. भाविक नवसाचा प्रयोग बोलतात, मेळ म्हणजे कंपनी येते आणि प्रेक्षक मोफत बघतात. कटील देवस्थानाच्या मेळांच्या प्रयोगांसाठी तर पुढच्या अनेक वर्षांची नोंदणी झालेली असते. दोन्हीकडे पैसे श्रद्धेतून येतात आणि नाव प्रेक्षकांच्या तोंडून होतं.

हा धागा किती नाजूक आहे हे मार्च २०२० मध्ये कळलं. ऐन हंगामात टाळेबंदी लागली, जत्रा थांबल्या आणि नाटकं बंद पडली. ज्यांचं पोट प्रयोगावर होतं त्यांच्यासाठी तो फार कठीण काळ होता.

मोबाइल आल्यावर काय बदललं?

सगळ्यात मोठा फायदा चाकरमान्यांना झाला. मुंबईत रात्रपाळी करणारा किंवा आखातात नोकरीला असलेला माणूस आपल्या गावच्या जत्रेचं नाटक फोनवर बघू शकतो. आवडत्या कलाकाराचं पद परत ऐकू शकतो. जिल्ह्याबाहेरच्या प्रेक्षकालाही दशावताराची गोडी लागू शकते.

पण तीन गोष्टी बिघडल्याही.

एक, तुकड्यांची सवय. तीन तासांच्या नाटकातला तीस सेकंदांचा विनोद किंवा जोरदार टोला सगळीकडे फिरतो. संवाद मात्र चढत जाणारी गोष्ट असते. त्याआधीची वीस मिनिटं ऐकली नसतील तर तो टोला का बसला हे कळत नाही. कलाकारालाही मग तुकड्यासाठी बोलण्याचा मोह होऊ शकतो.

दोन, आवाज. फोनचा माइक पखवाज आणि झांजेच्या दणक्याने भरून जातो आणि हळू बोललेलं वाक्य बुडतं. प्रत्यक्षात जे सगळ्यात चांगलं होतं तेच नेमकं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. वर चार तासांचं एचडी चित्रीकरण सहज १५ ते ३० जीबी जागा खातं. त्यामुळे काही दिवसांनी फोन भरला की तेच आधी डिलीट होतं.

तीन, पुनरावृत्तीची पकड. पूर्वी एखादा कलाकार आपला गाजलेला संवाद दहा गावांत वापरू शकत असे, कारण प्रत्येक गावाला तो नवा होता. आता पहिल्या गावातला संवाद दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ऐकलेला असतो. कलाकाराला सतत नवं द्यावं लागतं. प्रेक्षकाला हे आवडतं, पण रोज रात्री उभं राहणाऱ्या माणसावर त्याचा ताण किती येतो याचा विचार गप्पांत क्वचितच होतो.

पूर्ण नाटक रेकॉर्ड करून टाकायला हरकत आहे का?

‘नाटक तर फुकट होतं, मग व्हिडिओ टाकला तर काय झालं?’ हा युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. कायदा वेगळं सांगतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ३८ नुसार नट, गायक, वादक अशा सादरकर्त्यांना त्यांच्या सादरीकरणावर हक्क मिळतो. तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने हे हक्क आणखी स्पष्ट झाले. सादरीकरणाचं चित्रीकरण करणं, त्याच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोहोचवणं यावर कलाकाराचा अधिकार आहे. आपलं नाव दिलं जावं आणि आपल्या कामाची प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड होऊ नये, अशी मागणीही तो करू शकतो.

दशावतारासाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. लिहिलेल्या नाटकात लेखकाचा हक्क असतो. इथे लेखकच नाही. तिथल्या तिथे सुचलेलं वाक्य बोलणारा नट हाच सगळं काही, आणि त्याच्या हातात मुख्यतः सादरकर्त्याचा हा हक्कच असतो.

म्हणजे फोन खिशातच ठेवायचा का? तसंही नाही. कलम ३९ मध्ये सूट दिलेली आहे. स्वतःच्या वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग, अभ्यास किंवा अध्यापनासाठीचं रेकॉर्डिंग, बातमी किंवा परीक्षणासाठी वापरलेला छोटा तुकडा यांना मुभा आहे. पूर्ण नाटक आपल्या चॅनेलवर टाकून त्यावर पैसे कमावणं ही वेगळी गोष्ट झाली. सोपा नियम असा की, पूर्ण चित्रीकरण करायचं असेल तर कंपनीला आधी विचारा आणि टाकताना कलाकारांची, साथीदारांचीही नावं लिहा.

ब्रॉडवेवरही लपूनछपून केलेल्या चित्रीकरणाचा वाद जुना आहे. ‘हॅमिल्टन’ हे २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आलेलं संगीत नाटक निर्मात्यांनीच व्यवस्थित चित्रित केलं आणि जुलै २०२० मध्ये ते ओटीटीवर आलं. दशावतारी कंपन्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. चांगल्या माइकवर, कलाकारांच्या संमतीने आणि उत्पन्नातला वाटा ठरवून केलेलं एक चित्रीकरण हे फोनवरच्या पन्नास चित्रीकरणांपेक्षा जास्त टिकेल.

नोंद ठेवल्याने कलाकाराला काय मिळतं?

या सगळ्यात सहसा न बोलला जाणारा मुद्दा हा आहे.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करताना कलेच्या क्षेत्रात केलेल्या प्रदीर्घ कामाचे पुरावे जोडावे लागतात. प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो, कार्यक्रमपत्रिका.

आता विचार करा. तीस वर्षं रात्री जागून झांज वाजवणाऱ्या माणसाकडे यातलं काय असेल? जत्रेच्या नाटकाला तिकीट नाही, छापील संहिता नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. हस्तपत्रकावर नाव असलंच तर राजाचं आणि कंपनीचं. वर्तमानपत्रात छापून आला तर फोटो राजाचा. म्हणजे प्रत्येक गावाने त्याला पाहिलं, पण कागदावर तो कुठेच नाही.

इथे चाहत्यांच्या रोजच्या गप्पा थेट कामाच्या ठरू शकतात. नाटक पाहून आल्यावर आपण लिहितोच, ‘काल मस्त झाला.’ त्याऐवजी चार ओळी लिहिल्या तर? तारीख, गाव, देऊळ, कंपनी, आख्यान, कोणी कुठली भूमिका केली, पेटी, पखवाज आणि झांजेवर कोण होतं, आणि लक्षात राहिलेला एक प्रसंग. एका रंगपटाचा फोटो, कलाकारांची परवानगी घेऊन. पाच मिनिटांचं काम आहे. दहा वर्षांनी त्या नोंदी एकत्र केल्या तर कोणत्या गावात कोणतं आख्यान झालं, कोण कोणत्या कंपनीत होतं, हे कळेल. एखाद्या म्हाताऱ्या साथीदाराला कागदपत्रं जमवताना कुठून सुरुवात करावी तेही कळेल.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधला मजकूर फोन बदलताना जाऊ शकतो. त्यामुळे अशा नोंदी वहीत किंवा सगळ्यांना उघडता येईल अशा एका फाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या बऱ्या. गावच्या वाचनालयाला हे काम सहज करता येईल.

पावसाळ्यात गप्पा बंद होतात का?

पाऊस सुरू झाला की नाटकं थांबतात. कलाकारांपैकी अनेकजण शेतीत, मिळेल त्या कामात असतात. चाहत्यांच्या गप्पा मात्र थांबत नाहीत, विषय थोडा सरकतो. गणेशचतुर्थीच्या आसपास डबलबारी भजनांचे सामने रंगतात. दोन बुवा आमनेसामने बसतात आणि पेटी, पखवाजाच्या साथीने एकमेकांना गाण्यातून उत्तर देतात. ‘बुवा कोण, पखवाजावर कोण?’ हेच प्रश्न इथे पुन्हा निघतात. दशावताराचा आणि डबलबारीचा चाहता बऱ्याचदा एकच माणूस असतो. समोरच्याच्या वाक्याला सुरात दिलेलं हजरजबाबी उत्तर ही त्याची आवड दोन्हीकडे सारखीच भागते.

आणि मग दिवाळी उलटली की पंचांग उघडतं. पहिल्या जत्रेची तिथी बघितली जाते. गावातल्या देवळासमोर मांडव पडतो, बाकडं येतं, पडदा बांधला जातो.

पहिल्यांदाच बघायला जाणार असाल तर?

थोडं आधी पोहोचा आणि आडदशावतार चुकवू नका, संकासुर तिथेच भेटतो. आख्यानाची कथा आधी माहीत करून घ्या, संवादाची गंमत दुप्पट होईल. साथीदार दिसतील अशी जागा पकडा. फ्लॅश बंद ठेवा. सकाळी गप्पांत सामील व्हा, न कळलेलं विचारा. इथे नवख्या माणसाला कथा समजावून सांगणं कुणालाही कमीपणाचं वाटत नाही.

आणि घरी परतल्यावर त्या चार ओळी लिहा. राजाचं नाव सगळेच लिहितात. झांजवाल्याचं नाव विचारून घ्या.